डांबरी आणि कच्च्या रस्त्यासाठी एकच इलेक्ट्रिक सायकल निवडताना

रोजच्या वाटेचा काही भाग डांबरी आणि काही कच्चा असेल, तर इलेक्ट्रिक सायकल निवडणे वाटते तितके सोपे राहत नाही. ज्या गुणांमुळे सायकल गुळगुळीत रस्त्यावर हलकी आणि वेगवान वाटते, तेच गुण खडीवर आणि मुरमावर अडचणीचे ठरतात. उलट डोंगरवाटांसाठी बनवलेली सायकल डांबरावर सुस्त, जड आणि बॅटरी खाणारी निघते. बऱ्याच सायकली पाहून आणि चालवून माझे मत असे झाले आहे की मोटर किती वॅटची आहे यापेक्षा टायर कसा आहे आणि मोटर जोर कधी व कसा लावते, यांवरच बहुतेक सारे ठरते. माहितीपत्रकात नेमक्या याच दोन गोष्टी बारीक अक्षरांत असतात.

वॅटच्या आकड्यावर तर फारच कमी भिस्त ठेवावी. अनेक देशांत नियमानुसार मोटरची सततची शक्ती 250 वॅट आणि मोटरने मदत करण्याची वेगमर्यादा ताशी 25 किलोमीटर असते, त्यामुळे परस्परांहून अगदी वेगळ्या चालणाऱ्या सायकलींवर एकच आकडा छापलेला दिसतो. चढावर काही काळ मोटर याच्या दुपटीहूनही अधिक शक्ती देऊ शकते.

टायरचे म्हणाल, तर 28 ते 32 मिलिमीटर रुंदीचा टायर डांबरावर छान पळतो, पण सुट्या खडीत तो रुततो आणि हँडल ताब्यात राहत नाही. दुसऱ्या टोकाला 4 इंची फॅट टायर आहेत. वाळूसाठी आणि बर्फासाठी ते उत्तम, परंतु पक्क्या रस्त्यावर ते घूं-घूं आवाज करत राहतात, वळणावर सायकल जड वाटते आणि त्यांचा विरोध मोटरमुळे पायांना जाणवला नाही तरी बॅटरीला जाणवतोच. केवळ रुबाबदार दिसतात म्हणून ते घेणाऱ्यांची मला गंमत वाटते. मिश्र रस्त्यासाठी 45 ते 55 मिलिमीटर रुंदीचा, मधोमध जवळजवळ सलग पट्टा आणि कडांना उठावदार नक्षी असलेला टायर मला सर्वांत योग्य वाटतो: सरळ जाताना मधला पट्टा रस्त्यावर टेकतो, आणि मातीत चाक थोडे रुतले किंवा सायकल कलली की कडेची नक्षी पकड घेते. आधीच्या सायकलीवर 700 सी मापाचे टायर असतील, तर हेही माहीत असावे की 700 सी आणि 29 इंची या दोन्हींचा रिमवर बसणारा व्यास 622 मिलिमीटर हाच आहे, म्हणजे व्यासाची अडचण येत नाही. प्रश्न उरतो तो फ्रेममध्ये रुंद टायर मावण्याचा. टायर आणि फोर्क (पुढचे चाक धरणारा दुफाटा) यांच्यामध्ये बोटभरही जागा नसेल, तर ओल्या मातीत चाक अडकणार आणि मडगार्ड बसवणे तर दूरच.

याच टायरमधली हवा कमीजास्त करून पुष्कळ काही साधता येते. ट्यूब असलेल्या 50 मिलिमीटरच्या टायरमध्ये डांबरासाठी 45 ते 50 पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) हवा असेल, तर कच्च्या वाटेआधी ती 35 च्या आसपास आणून पाहावी; चालवणारा वजनदार असेल तर थोडी जास्त. त्याहून फार खाली गेल्यास ट्यूब दगड आणि रिम यांच्यामध्ये चिमटते आणि तिला शेजारीशेजारी दोन छिद्रे पडतात. अशी जोडछिद्रे दिसली की काटा शोधत बसू नये, हवा वाढवावी.

मोटरला जोर लावण्याचा इशारा देणारे सेन्सर मुख्यतः दोन प्रकारचे असतात. एक फक्त पॅडल फिरते आहे की नाही एवढेच पाहतो. दुसरा आपण पॅडलवर किती दाब देतो हे मोजतो आणि त्या प्रमाणात मदत करतो. डांबरावर पहिलाही चालून जातो. खडीच्या चढावर थांबून पुन्हा निघताना मात्र फरक उघडा पडतो: नेमकी गरज असते त्या पहिल्या ढकलीला मदत मिळत नाही, पॅडल थोडे फिरल्यावर ती एकदम येते आणि मागचे चाक जागच्या जागी खडी उडवते. अरुंद वाटेवर वळतानाही पाय थांबल्यावर क्षणभर सायकल पुढे ढकलली जात राहते, आणि तो क्षण पुरेसा वाईट असू शकतो. दाब मोजणाऱ्या सेन्सरची सायकल पायाच्या सांगण्यातली वाटते. तिची एकच खोड आहे: थांबलेले असताना पॅडलवर पायाचा भार पडला तर ती पुढे सरकू पाहते, म्हणून ब्रेक दाबून ठेवण्याची सवय लावावी.

मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, असावी की पॅडलच्या ठिकाणी, याचे उत्तर चढांवर अवलंबून आहे. हबमधल्या मोटरचा गिअरशी संबंध येत नाही, त्यामुळे लांब आणि तीव्र चढावर वेग उतरला की तिची कार्यक्षमताही उतरते आणि ती तापू लागते. पॅडलजवळची मोटर चेनमधून जोर पोचवते, म्हणून हलका गिअर टाकला की तिचा जोर चाकाशी वाढून मिळतो. याच कारणाने दोन्हींचे न्यूटन-मीटरचे, म्हणजे फिरवण्याच्या जोराचे, आकडे शेजारी ठेवून तुलना करणे फसवे आहे. त्या बदल्यात चेन आणि मागची दातेरी चक्रे लवकर झिजतात, आणि धूळ-चिखलाच्या वाटेवर तर अधिकच. माझ्या मते सपाट किंवा मध्यम चढांच्या वाटेला दाब मोजणारा सेन्सर आणि मागच्या हबची मोटर पुरेशी आहे, शिवाय तिची देखभालही कमी. पुढच्या चाकातली मोटर कच्च्या रस्त्यासाठी घेऊच नये, कारण चढावर पुढच्या चाकावरचा भार कमी होतो आणि ते पकड सोडून नुसतेच फिरते.

बॅटरी वॅट-तासांतच मोजावी. 36 व्होल्ट आणि 14 अँपिअर-तास म्हणजे 504 वॅट-तास. सपाट डांबरावर मध्यम मदतीत किलोमीटरला साधारण 10 वॅट-तास धरले तर पन्नास किलोमीटर होतात. खडबडीत चढउतारांवर हाच खर्च 16 धरला तर तीसच्या थोडे पुढे. छापलेला पल्ला बहुधा सर्वांत कमी मदतीवरचा असतो. बॅटरी फ्रेमच्या खालच्या नळीत असावी, कारण कॅरिअरवर ठेवलेली बॅटरी खड्ड्यांत खडखडते आणि तिथल्या वजनाने सायकल मागून हेलकावते.

सस्पेन्शनबद्दल फार लिहिण्यासारखे नाही: स्वस्त स्प्रिंगचा फोर्क नुसते वजन वाढवतो, त्यापेक्षा ताठ फोर्क, रुंद टायर आणि सीटखाली धक्के शोषणारी नळी बरी. ब्रेक हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) डिस्कचेच घ्यावेत, कारण 22 ते 25 किलो वजनाची सायकल ओल्या उतारावर थांबवायची आहे.

घेण्यापूर्वी चालवून पाहायची असेल, तर दुकानासमोरच्या गुळगुळीत जागेवर समाधान मानू नये. खडीचा एखादा लहानसा चढ शोधून त्याच्या मध्यावर थांबावे, एक पाय जमिनीवर ठेवून पुन्हा निघावे, आणि मग मोटर बंद करून तोच चढ चढून पाहावा. त्यानंतर सायकल उचलून दोन पायऱ्या वर न्यावी. मागच्या हबची मोटर असेल तर चाक काढून दाखवायला सांगावे: मोटरची वायर कुठे सुटते, नट कोणत्या मापाच्या पान्याने निघतात आणि तो पाना सायकलीसोबत मिळतो का, हे तिथेच विचारून घ्यावे.