तेच १४० लिटर, पण वेगळ्या जागी

ऑस्ट्रेलियातले सिम्प्सनचे वाळवंट मी आतापर्यंत दोनदा ओलांडले, आणि दोन्ही वेळा माऊंट डेअर हा वाळवंटाअलीकडचा शेवटचा पंप सोडताना माझ्या हायलक्समध्ये, म्हणजे टोयोटाच्या पिकअप गाडीत, १४० लिटर डिझेल होते. पहिल्या खेपेला त्यातले ८० लिटर कंपनीने दिलेल्या टाकीत आणि उरलेले ६० लिटर छतावरच्या कॅरियरवर, तीन पोलादी जेरीकॅनमध्ये, म्हणजे वीस-वीस लिटरच्या डब्यांत, होते. दुसऱ्या खेपेला ते सगळेच्या सगळे गाडीच्या पोटाखाली, नव्याने बसवून घेतलेल्या एका मोठ्या टाकीत होते. हिशेबाने पाहिले तर या खर्चिक बदलातून मला एक थेंबही जास्तीचा मिळाला नाही. तरीही या गाडीवर आजवर जो काही पैसा घातला, त्यात या पैशाबद्दल मला सर्वांत कमी हळहळ वाटते. ती का, हे सांगण्यासाठी ही नोंद.

ज्यांना या भागाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. सिम्प्सन वाळवंट साउथ ऑस्ट्रेलिया, क्वीन्सलंड आणि नॉर्दर्न टेरिटरी या तिन्हींच्या हद्दींत पसरलेले आहे, आणि माऊंट डेअरपासून पूर्वेला बर्ड्सव्हिल गावापर्यंतच्या सुमारे ५०० किलोमीटरमध्ये एकही पंप लागत नाही. वाटेत अकराशेहून अधिक वाळूच्या टेकड्या आहेत, त्या एकमेकींना समांतर आहेत आणि आपला रस्ता त्यांना आडवा जातो, म्हणजे प्रत्येक टेकडी चढावी आणि उतरावीच लागते. उन्हाळ्यात, १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात, हा भाग बंदच ठेवतात. यातला सर्वांत सरळ रस्ता ‘फ्रेंच लाइन’ म्हणून ओळखला जातो, कारण १९६०च्या दशकात एका फ्रेंच पेट्रोलियम कंपनीने खनिज तेल शोधण्यासाठी तो पाडला. तेल काही मिळाले नाही. पुर्नी बोअर येथे १९६३ मध्ये खोदलेल्या विहिरीतून निघाले ते गरम पाणी, जे आजही वाहते आहे. जिथे तेल नाही हे सिद्ध करण्यासाठी रस्ता पाडला, त्याच रस्त्याने जाण्यासाठी आपण गाडीभर तेल वाहून नेतो, ही गंमत मला दर वेळी आठवते. येथले मूळ रहिवासी असलेले वांगकांगुरू लोक मात्र याच प्रदेशात ‘मिकिरी’ या हाताने खोदलेल्या विहिरींच्या आधाराने पिढ्यान्‌पिढ्या पायी वावरत होते.

किती डिझेल लागेल हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. येथे लोक ‘शंभर किलोमीटरला किती लिटर’ अशा भाषेत बोलतात. माझे मन अजूनही ‘लिटरला किती किलोमीटर’ याच हिशेबात चालते, त्यामुळे मी माझ्या पद्धतीने सांगतो. सामानाने भरलेली माझी हायलक्स डांबरी रस्त्यावर लिटरला साधारण दहा किलोमीटरचे ॲव्हरेज देते. त्या हिशेबाने ८० लिटरची टाकी ८०० किलोमीटर जायला हवी, आणि कागदावर विश्वास ठेवणारा माणूस म्हणेल की ५०० किलोमीटरला ती पुरून उरेल. वाळूत मात्र चाकांतली हवा निम्म्यावर आणलेली असते, गिअर खालचा असतो, इंजिनाचे फेरे वाढलेले असतात, आणि एखादी टेकडी पहिल्या धावेत चढली नाही तर मागे येऊन पुन्हा धाव घ्यावी लागते. अशा वेळी किलोमीटरचा काटा जवळपास हलत नाही, डिझेल मात्र जळत राहते. पहिल्या खेपेला मला लिटरला ५.६ किलोमीटर मिळाले आणि वळसे धरून झालेल्या ५४३ किलोमीटरना ९७ लिटर लागले. त्यावर किमान चौथाई साठा अडीअडचणीसाठी धरायचा म्हटले तर गरज १२१ लिटरच्या घरात जाते. म्हणजे ८० लिटर अपुरे आणि १४० लिटर पुरेसे, हे दोन्ही खरे होते. नवी टाकी घेण्याच्या विचारात असलेल्या प्रत्येकाला माझे सांगणे एवढेच की आधी स्वतःच्या गाडीचा, स्वतःच्या सामानासह, वाळूतला खरा खप मोजा आणि मगच दुकानात जा.

जेरीकॅनला मी नावे ठेवणार नाही. जर्मन सैन्यासाठी १९३७ मध्ये घडवलेला तो २० लिटरचा डबा आजही जवळपास त्याच रूपात मिळतो, आणि त्याच्या वरच्या तीन मुठींची रचना इतकी विचारपूर्वक केलेली आहे की एक माणूस दोन रिकामे डबे एका हातात धरू शकतो आणि दोन माणसे भरलेला डबा दोन्ही बाजूंनी उचलू शकतात. अडचण डब्यात नव्हती, तो ठेवलेल्या जागेत होती. डिझेलचे वजन लिटरला साधारण ०.८४ किलो भरते. रिकाम्या पोलादी डब्याचे चार किलो त्यात मिळवले की एक भरलेला डबा २१ किलोंचा होतो, आणि असे तीन, म्हणजे ६३ किलो, मी गाडीच्या सर्वांत उंच भागावर चढवून ठेवले होते. टेकडीच्या माथ्यावर रस्ता बऱ्याचदा एका अंगाला कललेला असतो, आणि तेथे हे वजन जाणवते. गाडी कलते आणि तिला सावरायला क्षणभर उशीर लागतो. शिवाय माऊंट डेअरकडे येतानाच्या उडनदत्ता या कच्च्या मार्गावरच्या, कपडे धुण्याच्या पत्र्यासारख्या वळ्या पडलेल्या रस्त्याने पट्टे रोज थोडे थोडे सैल होत, ते रोज संध्याकाळी आवळावे लागत. डिझेल ओतण्याचे काम तर विचारूच नका. टपावर उभे राहून वाऱ्यात २१ किलोंचा डबा नरसाळ्यावर धरायचा, निम्मे डिझेल हातावर आणि थोडे गाडीच्या रंगावर, आणि पुढचे दोन दिवस पोळीलाही त्याचा वास. सोबतच्या गाडीत आमचे सांगलीचे मित्र होते. त्यांची गाडी टोयोटाची प्राडो, आणि ऑस्ट्रेलियात विकल्या गेलेल्या त्या पिढीच्या प्राडोला कंपनीच दोन टाक्या मिळून १५० लिटर देत असे. ते खाली खुर्ची टाकून चहा घेत होते. “राव, तुम्ही डिझेल डोक्यावर घेतलंय, आम्ही पोटात,” एवढेच ते म्हणाले, आणि परतीच्या वाटेवर माझा निर्णय झाला.

पोटात डिझेल वाढवण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे मूळ टाकी तशीच ठेवून जोडीला दुसरी लहान टाकी बसवणे, आणि दुसरा म्हणजे मूळ टाकी काढून तिच्या जागी मोठी बसवणे. पहिल्या प्रकारात मला आधी आकर्षण वाटले होते, कारण लहानपणी वडिलांच्या स्कूटरला रिझर्व्हची कळ होती आणि ती फिरवली की पंपापर्यंत पोचण्याची हमी असे. परंतु आधुनिक डिझेल इंजिनाचे प्रकरण स्कूटरसारखे सरळ नाही. ते टाकीतून जेवढे डिझेल खेचते तेवढे सगळे जाळत नाही. उरलेले, गरम झालेले डिझेल वेगळ्या नळीने टाकीत परत पाठवते. आता समजा तुम्ही दुसऱ्या टाकीतून डिझेल घेता आहात आणि परतीची नळी मात्र पहिल्याच टाकीला जोडलेली राहिली, तर दुसरी टाकी अपेक्षेपेक्षा लवकर रिकामी होते आणि आधीच भरलेली पहिली ओसंडू लागते. म्हणून जाण्याची आणि येण्याची अशा दोन्ही वाटा एकाच वेळी बदलणारा व्हॉल्व्ह तरी लागतो, नाहीतर दुसऱ्या टाकीतले डिझेल पंपाने मुख्य टाकीत आणून सोडण्याची सोय तरी. म्हणजे आणखी नळ्या, आणखी सांधे, आणखी वायरी. जितके सांधे तितक्या गळतीच्या जागा, असा सरळ विचार करून मी एकच मोठी टाकी निवडली.

पोलाद, ॲल्युमिनियम आणि जाड प्लॅस्टिक यांच्यातल्या वादात मी फार शिरणार नाही. प्लॅस्टिक हलके असते व गंजत नाही, पोलाद ठोकर सोसते आणि वेळ पडली तर त्याला डाग देता येतो. मी पोलाद घेतले. त्याहून महत्त्वाचा भाग म्हणजे टाकीच्या आतले आडवे पडदे. आपल्याकडे उन्हाळ्यात गावोगाव फिरणारा पाण्याचा टँकर अर्धा भरलेला असताना वळणावर कसा हेलकावतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे पडदे कशासाठी असतात ते वेगळे सांगायला नको. पडदे नसले तर चढावर सगळे डिझेल एका टोकाला जाते, शोषनळीचे तोंड उघडे पडते आणि नेमक्या टेकडीच्या मध्यावर इंजिन हवा गिळते.

वजनाचा हिशेब मात्र टाळता येत नाही. हायलक्सच्या या मॉडेलचे सामान व माणसांसह कमाल अनुज्ञेय वजन ३,०५० किलो आहे. मूळ टाकी पूर्ण भरलेली आहे असे गृहीत धरूनच येथे गाडीचे रिकामे वजन मोजतात, त्यामुळे नव्या टाकीने माझ्या वाट्याच्या सामानातून फक्त वाढीव ६० लिटरचे ५० किलो आणि टाकीच्या पत्र्याचे वाढीव वजन खाल्ले. त्यात तीन डबे आणि कॅरियर उतरले. नवी टाकी मागच्या ॲक्सलच्या पुढे, चासीच्या कडेला बसते, म्हणजे हे वजन खाली आले आणि दोन्ही ॲक्सलच्या मध्येही आले.

काम झाले त्या दिवशी मी खूश होतो. तिसऱ्या दिवशी पंपावर गेलो आणि नोझल दर दोन-तीन लिटरला खटकन बंद पडू लागले. नोझलच्या टोकाला एक बारीक छिद्र असते आणि डिझेल किंवा त्याचा फेस तेथपर्यंत चढला की पुरवठा आपोआप थांबतो. टाकीतली हवा बाहेर जायला वाट नसेल तर डिझेल खाली उतरतच नाही आणि फेस वर येतो. ज्या गॅरेजने टाकी बसवली त्यांनी हवेची नळी एका कंसाखालून फिरवताना तिला दुमडून टाकले होते. ती मोकळी करून, टाकीच्या वरच्या पातळीहून उंच नेऊन बांधली आणि प्रश्न मिटला. मोठ्या टाकीच्या कामात पत्र्याच्या जोडकामापेक्षा ही बोटभर जाडीची नळीच जास्त त्रास देते, असे मला आता वाटते. टाकी गळ्यापर्यंत भरू नये हेही तेव्हाच कळले: तापमान दहा अंशांनी वाढले की डिझेल सुमारे ०.८ टक्का फुगते, आणि वाळवंटातल्या हिवाळ्यात पहाट आणि दुपार यांत वीस अंशांचा फरक सहज पडतो. १४० लिटरच्या टाकीत तेवढ्याने सव्वादोन लिटर वाढतात आणि त्यांना जागा ठेवावीच लागते.

डिझेलच्या काट्याचे दुखणे मात्र अजून तसेच आहे. टाकीतली पातळी काट्याला कळवणारा तरंगता खटका जुन्या टाकीच्या खोलीसाठी बनवलेला असल्यामुळे पहिले कित्येक लिटर संपेपर्यंत काटा ‘पूर्ण’वरच बसून राहतो, आणि ‘अजून इतके किलोमीटर’ सांगणारा संगणक तर अजूनही ८० लिटरच्याच जगात राहतो. मी सनव्हायझरला एक कागद लावला आहे. प्रत्येक भरणीचे लिटर आणि किलोमीटर त्यावर पेन्सिलीने लिहितो आणि विश्वास त्याच्यावरच ठेवतो.

हे सगळे ऐकून पुण्याचे दोन-तीन मित्र आपापल्या थार गाडीसाठी असेच काही करावे का, असे विचारतात. माझे उत्तर नकारार्थी असते. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत फेरफार करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केले आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी गरज कोठे आहे? मनाली–लेह रस्त्यावर तांदीच्या पंपापाशी लागणारा प्रसिद्ध फलक पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचे सांगतो. थारच्या टाकीत ५७ लिटर मावतात, आणि घाटात लिटरला आठच किलोमीटर मिळाले तरी ती साडेचारशेच्या पुढे जाते. त्या प्रवासाला एक चांगला, नीट बांधलेला डबा पुरे.

दुसऱ्या खेपेला ५५१ किलोमीटरना ९४ लिटर लागले. आदल्या आठवड्यात पाऊस पडून वाळू घट्ट झाली होती, त्यामुळे या तीन लिटरच्या बचतीचे श्रेय मी टाकीला देणार नाही. गाडी माथ्यावर कलली तेव्हा छातीत धस्स झाले नाही, आणि वाटेत एकदाही नरसाळे बाहेर काढावे लागले नाही. बर्ड्सव्हिलला पोचल्यावर सवयीने गाडीखाली आडवा झालो, तर टाकीच्या खालच्या कडेला वितभर लांबीचा पोचा दिसला; बहुधा रस्त्यालगतच्या एखाद्या वाळलेल्या बुंध्याने तो दिला असावा. गळती नव्हती. पण सगळे डिझेल एकाच भांड्यात असताना तेच भांडे फुटले असते तर, हा विचार त्या रात्री सुटला नाही. तीन जेरीकॅनपैकी दोन मी केव्हाच विकून टाकले आहेत. तिसरा पुढच्या खेपेला भरून बरोबर येणार आहे, मात्र छतावर नाही, मागच्या हौद्यात, केबिनच्या भिंतीला टेकवून.