हळदी-कुंकवाची पिल्लावळ, पंधरा मीटर लांबून

हळदी-कुंकू बदक ओळखायला चोच पुरते. काळी चोच, टोकाला हळदीचा पिवळा पट्टा आणि मुळाशी दोन्ही बाजूंना कुंकवाचा लाल ठिपका. हे थंडीतलं पाहुणं बदक नव्हे, बारमाही इथलंच. पाऊस नीट झाला की मादी काठच्या दाट गवतात घरटं करते, सात-आठ किंवा जास्तही अंडी घालते आणि साधारण २४ दिवस उबवते. म्हणून पुण्याच्या पाषाण तलावासारख्या शहरातल्या पाण्यावर फोटोसाठी पिल्लं शोधायची ती जुलै ते ऑक्टोबरमध्ये.

पिल्लं अंड्यातून निघाल्यावर दिवसाभरातच आईमागे पाण्यात उतरतात. अंगावर गडद तपकिरी लव, पाठीवर पिवळे ठिपके, चेहरा पिवळा आणि डोळ्यातून जाणारी काळी रेघ. अडई या दुसऱ्या बदकाची पिल्लं काळी-पांढरी दिसतात आणि त्यांच्यासोबत बहुधा नर-मादी दोघं असतात. हळदी-कुंकवाच्या पिल्लांमागे मात्र सहसा एकटी आईच. उघड्या पाण्यावर ती सापडणार नाहीत. पाणकणसाची कड, जलपर्णीच्या गादीचा काठ, बुडालेल्या बेशरमाच्या फांद्यांखालची सावली, अशा जागी दुर्बीण लावून दहा मिनिटं गप्प बसायचं. आधी दिसतं ते हलणारं गवत.

आता अंतर. बहुतेकांचं इथेच चुकतं, कारण जवळ गेलं की फोटो चांगला येतो असं डोक्यात बसलेलं असतं. ४०० मिमीची लेन्स आणि फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा घेऊन आठ मीटरवर गेलात तर चौकटीची रुंदी जेमतेम ७२ सेंटिमीटर भरते. आई तेवढ्यातच संपते, पिल्लं बाहेर. शिवाय एफ/६.३ या छिद्राला फोकसची खोली, म्हणजे धारदार दिसणारा पट्टा, १५ सेंटिमीटर, त्यामुळे आईचा डोळा धारदार आणि पुढचं पिल्लू म्हणजे पिवळा डाग. तेच १५ मीटरवरून रुंदी १.३५ मीटर आणि खोली जवळपास अर्धा मीटर मिळते. अख्खं कुटुंब बसतं. क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान) असेल तर २० ते २५ मीटरवर जा.

कोनाचंही तेच. उभ्याने पाच मीटरवरून काढलं तर पिल्लाची फक्त पाठ येते. १५ मीटरवर उकिडवं बसलं तरी कॅमेरा जवळपास त्याच्या नजरेच्या पातळीत येतो, चिखलात लोळायची गरज नाही. (लोळायचंच असेल तर आधी काठीने गवत हलवून बघा. पावसाळ्यात तिथे साप असतात.)

पिल्लं पाण्यावरचे किडे पकडायला अचानक झेपावतात, त्यामुळे १/१००० सेकंदापेक्षा हळू शटर नको. ढगाळ सकाळी आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) १६०० ते ३२०० लागेल, लागू द्या. त्याने फोटोत येणारे दाणे नंतर काढता येतात, हललेलं पिल्लू स्थिर करता येत नाही. डोळा ओळखणारा ऑटोफोकस मोठ्या डोळ्याकडे, म्हणजे आईकडे ओढला जातो. तेव्हा एकच छोटा बिंदू निवडून मधल्या पिल्लावर ठेवा आणि रांग तुमच्यासमोर आडवी होईपर्यंत थांबा.

पाण्यात पांढरं आभाळ पडलं असेल तर कॅमेरा फसतो आणि पिल्लं काळे गोळे होतात. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, +०.७ ते +१ करा. मागे झाडीचं गर्द प्रतिबिंब असेल तर उलट, −०.७, नाहीतर चेहऱ्यावरचा पिवळा जळतो, म्हणजे तपशील जाऊन नुसता उजळ डाग उरतो. हिस्टोग्राममध्ये (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखात) लाल रंगाचा आलेख वेगळा बघा, आधी तोच उजव्या भिंतीला धडकतो.

एसी गाडीतून उतरल्या उतरल्या लेन्सवर वाफ धरते. पोचायच्या वीस मिनिटं आधी एसी बंद करून काचा खाली घ्या. लेन्स टेकवायच्या बीनबॅगेत राजमा भरला असेल तर आत प्लास्टिकची पिशवी हवीच, भिजला की फुगतो आणि दोन दिवसांत आंबतो.

आईची मान ताठ उभी झाली, खाणं थांबलं, पिल्लं तिला चिकटून गोळा झाली, की तुम्ही जास्त जवळ आहात. मागे सरका. तरीही बसून राहिलात तर ती पंख मोडल्यासारखी पाण्यावर फडफडत लांब जाते. ते सोंग तुम्हाला पिल्लांपासून ओढून नेण्यासाठी असतं, आणि तेवढ्या वेळात उघड्यावर राहिलेलं पिल्लू घारीला किंवा कावळ्याला आयतं सापडतं. समाजमाध्यमांवर वाहवा मिळवणाऱ्या कित्येक फोटोंत ही ताठ मान स्पष्ट दिसते. घरट्याचा फोटो तर काढूच नका. बाजूला सारलेलं गवत कावळ्यांना आणि कुत्र्यांना वाट दाखवतं.

पाव टाकून पिल्लं जवळ बोलावू नका. या वयात त्यांना किडे-अळ्या लागतात. आणि काठावर एकटं पिल्लू चिवचिवताना दिसलं तर उचलू नका. तीस-चाळीस मीटर मागे जाऊन अर्धा-पाऊण तास थांबा. आई बहुधा पाणकणसात दडून तुम्ही जायची वाट बघत असते.