दुधाच्या पातेल्यामागचे पेन

रविवार, रात्री.

आज फ्रीज पुसताना दुधाच्या पातेल्यामागे माझ्या सोरायसिसवरच्या अडालिम्युमॅब इंजेक्शनाचे शेवटचे पेन सापडले आणि मग दिवसभर कशातच मन लागले नाही. त्याची मुदत अजून 4 महिने आहे. उपयोग मात्र संपला. अडीच वर्षे दर दुसऱ्या शनिवारी 40 मिलिग्रॅमचे ते इंजेक्शन मी मांडीत टोचून घेत होते. कोपरांवरच्या खपल्या गेल्या, सुजून टम्म झालेले पायाचे बोट पुन्हा चपलेत मावू लागले आणि ताईकडच्या लग्नात मी चक्क आखूड बाह्यांचा ब्लाउज घातला. दिवाळीनंतर सगळे हळूहळू परत आले. डॉक्टर म्हणाले, शरीर कधीकधी या औषधालाच परके समजून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, आणि मग ते लागू पडेनासे होते.

तेव्हापासून एकच गोष्ट मन कुरतडते आहे. इंजेक्शनासोबत याच आजारासाठी घ्यायची मेथोट्रेक्सेटची रविवारची गोळी मी गेल्या वर्षी कोणालाही न सांगता बंद केली होती. सोमवारची मळमळ नकोशी झाली होती, आणि त्वचा तर स्वच्छ होती. ती गोळी सोबत चालू असली की अशी प्रतिपिंडे कमी तयार होतात, हे मला परवा समजले. परवाच मी डॉक्टरांकडे कबुली दिली. त्यांनी फाइलीत काहीतरी लिहिले आणि "गोळी घेणाऱ्यांचेही असे होते" एवढेच म्हणाले. त्यापेक्षा रागावले असते तर बरे वाटले असते. ह्यांना अजून सांगितलेले नाही. इंजेक्शनांच्या सगळ्या पावत्या त्यांनी तारखेप्रमाणे लावून ठेवल्या आहेत.

आता सेक्युकिनुमॅब हे दुसरे इंजेक्शन. पहिले 5 डोस दर आठवड्याला, पुढे दर 4 आठवड्यांनी, आणि प्रत्येक वेळी 150 मिलिग्रॅमची दोन पेने. त्याआधी क्षयाची चाचणी पुन्हा करायची होती. सिस्टर माझ्या हातावर खपली नसलेली जागा बराच वेळ शोधत होत्या; अखेर म्हणाल्या, "जागा आहे, पण लहान आहे." खोली भाड्याने दाखवणाऱ्या एजंटाचाच सूर. मला इतके हसू आले की त्यांना सुई क्षणभर बाजूला धरावी लागली. एवढ्याशा जागेचे भाडे किती, हे विचारायचे राहून गेले.

सुई असल्यामुळे जुने पेन घरच्या कचऱ्यात टाकता येत नाही, दवाखान्यातच परत द्यावे लागेल. तूर्त मी ते पुन्हा पातेल्यामागे ठेवले आहे. नवी पेने शुक्रवारी येतील, आणि ती फ्रीजमध्ये नेहमी हेच ठेवतात.