गोळ्या कोणाकडे आहेत?

शनिवारी रात्री साडेनऊनंतर मी फोन उचलत नाही, हे आता नातेवाइकांना आणि बँकेतल्या सहकाऱ्यांना ठाऊक झाले आहे. त्यामागचे कारण कळले की प्रत्येक जण साधारण एकच प्रश्न विचारतो: ‘चांगले पंचेचाळिशीचे गृहस्थ तुम्ही, त्या झॉम्बींना गोळ्या घालण्यात तुम्हाला मिळते तरी काय?’ आमच्या एका आत्यांनी तो शब्द ‘झोंबी’ असा ऐकला आणि मी या वयात कुस्ती खेळू लागलो आहे, अशा समजुतीने माझ्या कमरेची काळजीपूर्वक चौकशी केली. आता तुम्हीही विचारलेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आम्ही खेळतो तो खेळ जुना आहे. ‘लेफ्ट फोर डेड’ हा वॉल्व्ह कंपनीने 2008 साली आणलेला संगणकावरचा खेळ. साथीने माणसांचे झॉम्बी, म्हणजे भान हरपलेली पिसाट झुंड, झालेल्या शहरातून चार जणांनी एका सुरक्षित खोलीपासून पुढच्या सुरक्षित खोलीपर्यंत जिवंत पोचायचे, एवढेच त्याचे कथानक. टोरंटोला असलेला माझा मावसभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, नागपूरचा पुतण्या आणि मी असे तिघे खेळतो. चौथे पात्र संगणक चालवतो, आणि खरे सांगायचे तर आमच्यात सर्वांत शहाणा तोच आहे, कारण स्वतःजवळची औषधाची गोळी तो कुरकुर न करता दुसऱ्याला देऊन टाकतो.

गंमत मारण्यात असती, तर एकट्याने खेळण्याचे शेकडो खेळ आहेत. या खेळाची खरी मेख अशी की त्याने स्वतःची सुटका स्वतः करण्याची सोयच अनेकदा काढून घेतली आहे. ‘हंटर’ नावाचा डोक्यावर टोपडे ओढलेला प्राणी अंगावर झेपावला की तुम्ही कितीही पटाईत असा, हात-पाय हलवता येत नाहीत. साथीदाराने येऊन त्याला ढकलले किंवा गोळी घातली तरच सुटका. ‘स्मोकर’ लांबून जिभेचा फास टाकून ओढून नेतो, तेव्हाही बहुतेक वेळा तेच. जखमा जास्त झाल्या की खेळाडू जमिनीवर कोसळतो. पडल्या पडल्या पिस्तूल चालवता येते, पण उठता येत नाही, आणि उठवणाऱ्याला सुमारे पाच सेकंद तुमच्यावर वाकून राहावे लागते. तेवढा वेळ त्याला बंदूक उचलता येत नाही. त्या पाच सेकंदांत तो तुमच्यासाठी केवढा धोका पत्करतो आहे, हे पडल्या जागेवरून अगदी स्पष्ट दिसते. मी सुरुवातीला शूरपणा दाखवत पुढे धावत असे. दोन कोपरे ओलांडून एकटाच हंटरखाली सापडल्यावर ‘अरे, या ना!’ असे ओरडण्याची पाळी आठवड्यातून तीनदा आली आणि ती सवय आपोआप गेली.

शत्रू झॉम्बीच का, याचेही उत्तर मला यातच दिसते. आपला मुंजा, हडळ, वेताळ यांना नाव असते, गाव असते, काहीतरी राहून गेलेले असते. त्यांची समजूत घालता येते. झॉम्बीला काहीच म्हणायचे नसते. तो पुराच्या पाण्यासारखा येतो. त्याच्याशी वैर धरता येत नाही आणि बोलणीही करता येत नाहीत, त्यामुळे सगळे लक्ष सोबतच्या तिघांवर राहते.

शिवाय या खेळात पडद्यामागे एक ‘दिग्दर्शक’ असतो. तो माणूस नसून आज्ञावली आहे. खेळाडूंवर किती ताण आला आहे याचा तो सतत अंदाज घेतो, त्यानुसार झुंडी सोडतो आणि ताण शिगेला पोचून गेला की काही काळ उसंत देतो. झुंड कधी आणि कुठून येईल हे पाठ करता येत नाही, म्हणून तोच रस्ता शंभराव्यांदाही नवा वाटतो. मला मात्र त्या उसंतीचेच अप्रूप जास्त आहे. आमच्या घराण्यातले पुरुष फोनवर ‘बाकी काय?’ याच्या पुढे जात नाहीत. पण भुयारी रेल्वेच्या अंधारात, बंदुकीत काडतुसे भरता भरता, दादाने मावशीच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेबद्दल विचारले आहे, आणि पुतण्याने नोकरी सोडल्याचे त्याच्या वडिलांच्या आधी आम्हाला सांगितले आहे.

आमच्यातला नेहमीचा घोटाळा भाषेचा. ‘गोळ्या कोणाकडे आहेत?’ असे कोणी विचारले की उलट प्रश्न ठरलेला: ‘खायच्या की मारायच्या?’ दादा नेहमी लुईचे पात्र घेतो. टाय लावलेला हा नोकरदार लुई वेदनाशामक गोळ्या दिसल्या की आनंदाने ओरडतो, आणि दादा त्याच्यावर ताण करून मराठीत ओरडतो.

गेल्या महिन्यात आम्ही ‘नो मर्सी’ या मोहिमेच्या शेवटाला होतो. रुग्णालयाच्या गच्चीवर हेलिकॉप्टर उतरले होते. पुतण्या आणि संगणकाचा गडी आत पोचले, दादा दाराशी होता. मी दहा पावले अलीकडे कोसळलो. उभे असलेले सगळे आत आले की ते उडते, म्हणजे मला सोडून जाणे हाच हिशेबाचा मार्ग होता, आणि मी तसे सांगितलेही. दादा मागे फिरला. माझ्यावर वाकून तो मला उठवत असतानाच ‘टँक’ नावाचे ते अजस्र धूड आले आणि त्याने दादाला गच्चीच्या कडेपर्यंत भिरकावले. आम्ही दोघेही आडवे झालेले पाहून हेलिकॉप्टर उडाले. शेवटच्या श्रेयनामावलीत ‘यांच्या स्मरणार्थ’ म्हणून आमची दोघांची नावे आली. पुतण्या वैतागून म्हणाला, ‘काका, मागे फिरायची काय गरज होती?’

टोरंटोत तेव्हा भर दुपार होती. दादा म्हणाला, ‘अरे, गोळ्या माझ्याकडे होत्या ना.’