उभ्या इंजिनाचा दिवा

मामाचं घर ओगलेवाडीला, म्हणजे कराड स्टेशन जिथे आहे तिथेच, प्रभाकर कंदीलवाली ओगलेवाडी. रात्री कोणाला गाडीत बसवायला गेलो की मिरजेकडून डिझेल यायचं, आधी रूळ चमकायला लागायचे मग दिवा दिसायचा, आणि गाडी थांबली तरी दिवा चालूच, इंजिन जागेवर धडधडत उभं. ते चित्र डोक्यातून गेलंच नाही कधी. म्हणून माझ्या एचओ स्केलच्या (खऱ्याच्या १/८७ आकाराच्या) डब्ल्यूडीएम-३ए डिझेल इंजिनाच्या मॉडेलमध्ये दिवे बसवायला घेतले तेव्हा एवढंच ठरवलं होतं की इंजिन थांबलं तरी दिवा विझता कामा नये.

मॉडेल बॅटरीवर चालतं, रुळात करंट नाही. आत दोन सेलची ७.४ व्होल्टची छोटी लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी आणि रेडिओ रिसीव्हर, बस.

सगळे सांगतात ती सोपी पद्धत म्हणजे मोटरच्या दोन वायरींवर दोन एलईडी एकमेकांना उलटे जोडायचे आणि एक रेझिस्टर. मी पण आधी तेच केलं. दिशा बदलली की दिवा बदलतो, छान वाटतं. पण स्पीड कमी केला की दिवा मंद, आणि थांबवली की अंधार, कारण रिसीव्हर मोटरला तुकड्यातुकड्यात करंट देतो (पीडब्ल्यूएम), थांबल्यावर दोन वायरींमध्ये व्होल्टेजचा फरकच राहत नाही मग एलईडी पेटणार कशावर. दोन दिवसांत काढून टाकलं सगळं.

मग रिसीव्हरचे लाईटसाठी दिलेले दोन पॅड (वायर सोल्डर करायच्या जागा) वापरले, एक पुढे जाताना चालू होतो एक मागे जाताना, आणि थांबल्यावर शेवटच्या दिशेचा तसाच चालू राहतो. हेच तर हवं होतं! माझ्या रिसीव्हरचे पॅड निगेटिव्हला ओढतात, त्यामुळे सगळ्या एलईडींचा प्लस एकत्र करून बॅटरीच्या प्लसला आणि मायनस बाजू पॅडला. तुमचा वेगळा असू शकतो, मल्टीमीटर लावून बघितल्याशिवाय सोल्डर करू नका. पॅड फक्त ३.३ व्होल्टचा सिग्नल देत असेल तर मध्ये एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर आणि त्याच्या बेसला १० के (१० हजार ओहम) रेझिस्टर टाका.

रेझिस्टरवर माझा एक आठवडा गेला. आधी ४७० ओहम लावला होता, फुल चार्ज ८.४ व्होल्टला साधारण ११ मिलिअँप जातो, आणि दिवा लावला तर अख्खं हूड (केबच्या पुढेमागे असलेला इंजिनाचा बॉडीचा भाग) आतून उजळलं, प्लॅस्टिकच चमकायला लागलं. आता ४.७ के आहे, जेमतेम १ मिलिअँप, आणि तेवढा खूप होतो. हूडला आतून काळा रंग दोन हात मारला, एलईडीच्या पाठीलाही. आणि वॉर्म व्हाईटच घ्या, जुन्या डिझेलचा दिवा पिवळसर असायचा, निळसर पांढरा लावला की मोबाईलचा टॉर्च वाटतो.

खरी मजा लाल मार्कर दिव्यांमध्ये आहे. इंजिन एकटं धावत असेल, म्हणजे लाईट इंजिन, तर मागच्या टोकाला लाल दिवा लागतो. म्हणून पुढचा पांढरा आणि मागचा लाल एकाच पॅडवर, मागचा पांढरा आणि पुढचा लाल दुसऱ्यावर, प्रत्येकाला स्वतःचा रेझिस्टर (एकामागे एक जोडू नका, बॅटरी उतरली की आधी तेच मंद होतात). मागे डबे असले की लाल बंद हवा, कारण टेल लॅम्प तर शेवटच्या डब्याला. त्यासाठी लालच्या प्लसमध्ये एक बारीक स्लाईड स्विच टाकलाय, फ्युएल टँकच्या खाली, दिसत नाही. बॉडी आणि चासीच्या मध्ये त्यामुळे चारच वायरी जातात, छोटा कनेक्टर लावला की बॉडी सुटी निघते.

एक गोष्ट लक्षात ठेवा, ट्रान्समीटर पुढे केला आणि शॉर्ट हूडऐवजी (केबच्या बाजूचं आखूड टोक) लाँग हूडचा (दुसरं लांब टोक) दिवा लागला तर एलईडी उपसू नका, आधी इंजिन कुठल्या बाजूला पळतंय ते बघा. ते लाँग हूडकडेच पळत असेल तर दिवे आणि मोटर एकमेकांशी जुळलेले आहेत, तुमची पुढची बाजू फक्त उलटी आहे. पळतंय शॉर्ट हूडकडे आणि दिवा लाँग हूडचा, असं असेल तर पॅडवरच्या दोन वायरी अदलाबदल करा, पाच मिनिटांचं काम.

काल रात्री हॉलमधले दिवे बंद करून स्टेशनवर उभं केलं. मोटर गप्प, दिवा चालू, पुढचे हातभर रूळ चमकत होते. आता केबच्या वरचा अंबर फ्लॅशर राहिलाय, पॅड दोन्ही संपले, त्याला वेगळा सर्किट लागेल, येत्या रविवारी पुण्यातल्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत, चक्कर मारतो.