मागल्या दारची म्हैस

मृग लागला की पहाटे उठून मी आधी चहा ठेवत नाही, टॉर्च घेऊन मागल्या दारी जाते आणि स्किमरचं झाकण उघडून आत कोण आलंय ते बघते. स्किमर म्हणजे पोहण्याच्या टँकच्या भिंतीत बसवलेला एक चौकोनी कोनाडा. वरवरचं पाणी पंप त्यातून ओढून घेतो आणि पाण्यावर तरंगणारं जे काही असेल ते आतल्या जाळीच्या टोपलीत अडकतं. पाने, किडे, एकदा शेजारच्यांची पावती. या वर्षी पहिल्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी त्या टोपलीत हळद लागलेल्या नवरदेवासारखा एक पिवळाधमक बेडूक बसला होता. गळ्याशी दोन निळ्या पिशव्या, बाकी अंग पिवळं. हे मोठे बेडूक एरवी शेवाळी-तपकिरी असतात, पण पहिल्या पावसात नर असे नटतात. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. मग सुपल्यात घेऊन त्याला पलीकडच्या भातखाचरात सोडून आले. रात्री साहेब परत हजर, आणि आवाज असा की आमचा पंप परवडला.

आमचं घर पौडच्या पुढे, मुळशीच्या बाजूला. नवरा टिळक टँकवर पोहायला शिकलेला, त्यामुळे तो स्विमिंग पूल म्हणत नाही, तलावही म्हणत नाही. पुण्यातल्या एका पिढीसाठी तो टँकच. निवृत्त झाल्यावर घराच्या मागे स्वतःचा टँक ही त्याची एकमेव हौस. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, एका टोकाला मीटरभर आणि दुसऱ्या टोकाला पावणेदोन मीटर खोल. म्हणजे साधारण चव्वेचाळीस हजार लिटर पाणी. बांधून झाला, निळ्या फरशा बसल्या, पूजा झाली, नारळ फुटला. बागेचं बघणारे मामा सगळा सोहळा लांबून बघत होते. संध्याकाळी हात धुताधुता म्हणाले, "ताई, ह्यो टँक न्हाई. ही म्हस हाय म्हस. दोन टाइम वैरण घालायची, खालचं काढायचं, घासून धुवायची, आन् गावाला जायचं म्हणलं की कुनाला तरी सांगून जायचं."

तेव्हा हसले. आता सात वर्षं झाली.

म्हशीची वैरण म्हणजे क्लोरीन. रोज सकाळी मी दोन बारीक नळ्यांत टँकचं पाणी घेते. एका नळीत पाच थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. लिंबू सरबताइतकं पिवळं झालं तर क्लोरीन ठीक, पाणीच राहिलं तर म्हैस उपाशी. दुसऱ्या नळीतले थेंब आम्लता दाखवतात. तिथे नारिंगीकडून लालकडे झुकणारा एक विशिष्ट रंग लागतो, आम्लतेच्या मापावर (पीएच) सात पूर्णांक दोन ते सात पूर्णांक सहाच्या दरम्यानचा. तो आठाच्या पुढे गेला, नळी गुलाबी झाली, की क्लोरीन असून नसल्यासारखा. पाण्यात हजर, कामावर गैरहजर. रंग जुळतोय का हे चष्मा लावून, नळी पांढऱ्या भिंतीपुढे धरून बघायचं. नवऱ्याला लाल आणि गुलाबी यातला फरक कळत नाही (साड्यांच्या दुकानात तो मला तीस वर्षांपूर्वीच समजला होता), म्हणून हे खातं माझ्याकडे आलं ते आलंच.

क्लोरीन सकाळी टाकून उपयोग नाही, हे शिकायला आम्हाला एक उन्हाळा लागला. उघड्या पाण्यातला क्लोरीन दुपारचं ऊन दोन-तीन तासांत खाऊन टाकतं. म्हणून मग विरजण लावावं तसं दिवेलागणीला लावायचं आणि रात्री पंप चालवून मुरू द्यायचं. ऊन लागू नये म्हणून पाण्यात सायन्युरिक आम्ल घालतात, ते क्लोरीनवर छत्री धरतं. आम्ही सुरुवातीला ज्या गोळ्या वापरायचो त्यांत ही छत्री आधीपासून असायची. पण क्लोरीन खर्च होतो, छत्री होत नाही. ती साठत जाते. तिसऱ्या वर्षी नळी छान पिवळी दिसायची आणि टँक मात्र हिरवा. इतक्या छत्र्या झाल्या होत्या की क्लोरीन त्यांच्याखालून बाहेरच पडेना. त्यावर औषध नाही. निम्मं पाणी काढून नवीन भरायचं, एवढाच उपाय. तेव्हापासून आम्ही कॅनमधला पातळ क्लोरीन आणतो. तो कॅन आणि गुलाबी नळी परत लालकडे आणायला लागणाऱ्या आम्लाचा कॅन यांचं एकमेकांशी सोवळं-ओवळं आहे. कप्पे वेगळे, मापाचे मग वेगळे, हातमोजे वेगळे, कारण दोन्ही चुकून एकत्र आले तर विषारी वायू सुटतो. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही, हे शाळेतल्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर लिहिलेलं असायचं. तेव्हा ते मार्कांसाठी पाठ केलं होतं.

पाहुणे आले की हमखास म्हणतात, "काय वास येतोय क्लोरीनचा! जास्त झालाय वाटतं." आता हे त्यांना कसं सांगायचं? नाकात जातो तो वास निव्वळ क्लोरीनचा नसतो. पोहणाऱ्यांचा घाम आणि, स्पष्टच बोलायचं तर, लघवी यांच्याशी क्लोरीनची गाठ पडली की जे तयार होतं त्याचा तो वास. म्हणजे वास वाढला तर क्लोरीन कमी पडलाय. मी एवढंच म्हणते, "हो का? बघते." आणि पोरांच्या घोळक्याकडे एक नजर टाकते.

पण म्हशीचे खरे लाड पावसाळ्यात. लोकांना वाटतं, पाऊस म्हणजे फुकटचं पाणी. आमच्याकडे आषाढात पाऊस कोसळायला लागला की टँक काठोकाठ भरतो, वर सांडतो, आदल्या रात्री घातलेलं सगळं पातळ होऊन वाहून जातं आणि बदल्यात बागेतली माती, शेणखत, सडकी पानं आत येतात. शेवाळाला आणखी काय हवं? शनिवारी निळा असलेला टँक सोमवारी हिरवट आणि बुधवारी मुगाच्या आमटीसारखा. अशा वेळी मी तुरटीच काढते. आजी पावसाळ्यात पाण्याच्या हंड्यात तुरटीचा खडा फिरवायची, तीच तुरटी, फक्त आता किलोच्या मापात. गढूळपणाचे कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि रात्रीतून तळाशी बसतात. सकाळी पायऱ्यांवरून वाकून बघितलं की तळावर राखाडी मऊ गोधडी अंथरलेली दिसते. ती अजिबात न हलवता, पाणी न ढवळता, लांब दांड्याच्या ब्रशनं इंचाइंचानं ओढून घ्यायची आणि ते पाणी गाळणीत न पाठवता थेट बाहेर सोडायचं. या कामाला दीड तास लागतो आणि त्या दीड तासात फोन वाजलेला मला आवडत नाही.

पहिल्या पावसाळ्यात टँक बांधणारे कंत्राटदार म्हणाले होते, "कशाला एवढा त्रास? जुलैत सगळा रिकामा करून टाका, गणपतीनंतर भरू." नवरा तयार झाला होता. मामांनी अडवलं. "पावसात इहीर उपसली की झरं फुटत्यात. खालचं पानी वर येतंय, तुमचा निळा डबा ऱ्हाईल का खाली?" नंतर वाचलं तर मामा शब्दशः बरोबर. आतलं चव्वेचाळीस टन पाणी हेच टँकला जमिनीत दाबून धरतं. ते काढलं आणि भोवतालची जमीन पाण्यानं भरलेली असली, की रिकामा टँक होडीसारखा वर उचलला जातो आणि तडकतो. मामांनी आर्किमिडीजचं नाव ऐकलेलं नाही, पण त्यांच्या बापजाद्यांनी विहिरी खोदल्यात.

श्रावणात एक दिवड येऊन गेली. बिनविषारी, पाण्यातली, बेडकांच्या मागावर आलेली. त्या दिवसापासून आम्ही पायरीवर एक लाकडी फळी तिरपी टाकून ठेवतो, आत पडलेल्याला चढून जाता यावं म्हणून. दिवड त्यावरून गेली की नाही माहीत नाही. बेडूक मात्र त्या फळीचा उपयोग आत उतरायला करतात.

दिवाळीचं एकच सांगते. नरक चतुर्दशीला पहाटे माझ्या दोन भाच्यांना तेल-उटणं लावलं, आणि मोती साबण आणायला मी आत वळले तोवर दोघांनी टँकमध्ये मुटके मारले. पहिली आंघोळ! पाण्यावर तेलाचा इंद्रधनुष्यी तवंग पसरला, उटण्याचा गाळ झाला, आणि पाण्याच्या रेषेवर फरशांना सगळीकडून एक तपकिरी करगोटा बसला. खायचा सोडा ओल्या फडक्यावर घेऊन तो करगोटा काढायला मला भाऊबीज उजाडली. ओवाळणीत मी दोघांना तेच फडकं देणार होते.

थंडीत म्हैस आटते. पाणी गार, शेवाळ सुस्त, क्लोरीन निम्म्यावर, सहा तास चालणारा पंप चार तासांवर. पोहायला फक्त नवरा उतरतो, तेही सूर मारून, कारण पायरीपायरीनं उतरलं तर गुडघ्यापाशी विचार बदलतो असं त्याचं म्हणणं. काम असतं ते गुलमोहराचं. झाड लावताना मीच हट्ट केला होता, त्यामुळे बोलायची सोय नाही. त्याचं एकेक पान म्हणजे शेकडो पिटुकल्या पानांचा झुबका, आणि गळतात त्या पिटुकल्या. जाळीतून निसटतात, टोपलीतून निसटतात, आणि वाळूच्या गाळणीवर जाऊन बसतात. मग दाबाचा काटा चढतो. नेहमीच्या जागेपेक्षा आठ-दहानं चढला की पाणी उलटं फिरवून वाळू धुवायची. एका छोट्या काचेच्या खिडकीतून ते पाणी दिसतं: आधी चहा, मग पातळ चहा, मग पाणी. ती खिडकी मला का आवडते ते सांगता येणार नाही, पण मी तिथे उकिडवी बसून शेवटपर्यंत बघते. आणि त्याच दिवसांत सकाळी दहाच्या उन्हात वेडे राघू येतात. तारेवरून सुटतात, पाण्याला छाती टेकवतात न टेकवतात, परत तारेवर जाऊन पंख झटकतात. टँकमध्ये नवऱ्यापेक्षा जास्त वेळा तेच उतरतात.

मग होळीनंतर पाणी खाली जायला लागतं.

पहिल्या वर्षी आमची खात्रीच झाली की टँक गळतोय. रोज बोटभर कमी. कंत्राटदार फोन उचलेनात. नवरा मला मोहेंजोदडोच्या स्नानकुंडाबद्दल सांगू लागला. साडेचार हजार वर्षांपूर्वी बारा मीटर बाय सात मीटरचं कुंड विटांनी बांधून, पाणी झिरपू नये म्हणून विटांमागे डांबराचा थर दिलेला, आणि आपल्याला वॉटरप्रूफिंगची दहा वर्षांची हमी देणारे फोन उचलत नाहीत! शेवटी मी बादली आणली. टँकच्या पहिल्या पायरीवर ती ठेवली, आत टँकच्या पातळीइतकंच पाणी भरलं आणि दोन्हीकडे खडूनं रेघ मारली. टँक जास्त उतरला तर गळती, दोन्ही सारखे उतरले तर ऊन. दुसऱ्या दिवशी पट्टी लावली. दोन्हीकडे आठ मिलिमीटर.

हिशेब केला. आठ मिलिमीटर म्हणजे ऐकायला काहीच नाही, पण आमच्या टँकच्या पसाऱ्यावर ते अडीचशे लिटर होतं. रोज. सरकारी नळयोजनेत खेड्यात माणशी दिवसाला 55 लिटर धरतात. म्हणजे चार-साडेचार माणसांचं दिवसाचं पाणी आमचा टँक नुसता बसल्याबसल्या उन्हाला पाजत होता, तेही अशा भागात जिथे धरण उशाला, कोरड घशाला ही म्हण नाही, पत्ता आहे. मुळशीच्या धरणासाठी ज्यांच्या जमिनी जाणार होत्या त्यांनी 1921 साली सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला. मामांचे आजोबा त्यांतल्याच एका गावचे. मामा कधी काही बोलले नाहीत. मी बादली उचलली तेव्हा ते शेजारीच उभे होते.

त्या आठवड्यात आम्ही बुडबुड्यांच्या प्लास्टिकचं निळं पांघरूण आणलं. पोहणं नसेल तेव्हा ते पाण्यावर पसरायचं. वाफ जागेवर अडते. मामा त्याला म्हशीची झूल म्हणतात. वाळू धुतलेलं पाणीही आता गटारात जात नाही. दोन दिवस टाकीत उन्हात ठेवायचं, क्लोरीन उडाला की नारळांना. एवढ्यानं हिशेब फिटला असं मी म्हणत नाही. बादली अजून पंपघरात आहे, खडूची रेघ पुसलेली नाही.

मे महिन्यात मात्र झूल काढावीच लागते, कारण सगळं गणगोत येतं. यंदा अकरा मुलं होती. सकाळपासून मुटके, सूर, पाठीवरचे फटके, आंब्याची साल टाकू नका रे, ओल्या अंगानं दिवाणखान्यात येऊ नका रे. माझी एक मावससासू झोपाळ्यावर बसून कौतुकानं म्हणाली, "मजा आहे गं तुझी. रोज पोहत असशील!" मी आठवायचा प्रयत्न केला. पोहण्याचा पोशाख कुठल्या कपाटात आहे, तिथपासून आठवेना. पलीकडे मामा आळं करत होते, त्यांना ऐकू गेलं. "म्हस पाळनाऱ्याला इचारा की, दूध कवा प्यायलं ते," ते म्हणाले. "सगळं डेरीलाच जातंय."

संध्याकाळी गाड्या गेल्या. टँक चार बोटं खाली गेला होता, अर्धा उन्हानं, अर्धा मुटक्यांनी. पाण्यावर सावरीच्या कापसाच्या दोन म्हाताऱ्या, तळाशी एक गॉगल. मी क्लोरीन घातलं, पाईप सोडला, आणि भरेपर्यंत काय करायचं म्हणून साडी वर खोचून पहिल्या पायरीवर पाय सोडून बसले. दिवसभराच्या उन्हानं पाणी कोमट झालं होतं. कुंपणापलीकडून मामांची सायकल जाताना वाजली.

"ताई, पाईप सोडलाय ना? झोपू नका तितं."