बांगड्यांचं माप वाढलं, डॉक्टरांना पत्ता नाही

कोल्हापूरचा माणूस कितीही वर्षं लीड्सला राहू दे, डॉक्टरांनी ‘कसं वाटतंय?’ विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘फाइन.’ आमचे हेही त्यातलेच. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी ऑक्सॅलिप्लॅटिन या औषधाची केमो चालू होती, तेव्हा फ्रीजमधली दुधाची बाटली धरली की बोटांना झिणझिण्या यायच्या. केमो संपली आणि बोटं बधिरच झाली. शर्टाची बटणं मी लावून द्यायची, आणि डॉक्टरांपुढे हे हवापाण्याच्या गप्पा मारून परत.

हे उघडकीला आलं ते एका ऑनलाइन फॉर्ममुळे. हॉस्पिटलकडून मोबाइलवर लिंक येते, घरी बसून भरायचं. गेल्या आठवड्यात काय झालं, तेवढंच विचारतात. झोप, जुलाब, हातापायांचा बधिरपणा, आणि किती? अजिबात नाही, थोडं, बऱ्यापैकी, की खूप? समोर कुणी नसल्यामुळे असेल, पण ह्यांनी ‘बऱ्यापैकी’वर बोट ठेवलं. लगेच नर्सचा फोन. जिना उतरताना तोल जातो का? गरम भांड्याचा चटका कळतो का? हे प्रश्न मलाही सुचले नव्हते.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये अशा फॉर्मची रीतसर चाचणी झाली. तिचे आयुर्मानाचे निकाल 2017 साली आले. कॅन्सर शरीरात पसरलेले 766 रुग्ण. त्यातल्या एका गटानं 12 लक्षणांची नोंद स्वतः करायची, त्रास वाढला की नर्सला ईमेल जायचा. त्या गटातले निम्मे रुग्ण 31.2 महिन्यांपेक्षा जास्त जगले, नेहमीच्या पद्धतीनं तपासलेल्यांतले निम्मे 26 महिन्यांपेक्षा. अर्थात ते केमो चालू असलेले रुग्ण होते. उपचार संपवून घरी बसलेल्यांना हाच आकडा लावता येणार नाही. पण त्रास वेळेवर कळण्याची गरज दोघांनाही आहे.

आता शिवाजी पेठेतल्या आमच्या थोरल्या जाऊबाई. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या, रेडिएशन झालं. मग त्या हाताला सूज यायला लागली. बाईंनी काय करावं? कासाराकडे जाऊन मोठ्या मापाच्या बांगड्या भरून आल्या! तपासणीला गेल्या तेव्हा पदर हातावरून ओढून बसल्या. ‘अगं, एवढी गर्दी बाहेर, त्यात बांगड्यांचं काय सांगत बसू?’ वर मलाच विचारतात.

युरोपातल्या ईओआरटीसी या कॅन्सर-संशोधन संस्थेच्या स्तनाच्या कॅन्सरच्या प्रश्नावलीत हात सुजलाय का, असा थेट प्रश्न आहे. ती मराठीतही झालेली आहे. म्हणजे आपल्याकडे असा फॉर्म सुरू करायचा तर प्रश्न नव्यानं शोधायचे नाहीत. अडतं ते पुढं. जाऊबाईंचा मोबाइल नातवाच्या हातात, फॉर्म भरणार सून. आणि त्यात नवराबायकोच्या संबंधांबद्दलही विचारलेलं. सुनेसमोर त्या काय सांगणार, कप्पाळ? मला विचाराल तर आपल्याकडे लिंकपेक्षा मराठीत बोलणाऱ्या सिस्टरचा फोन बरा, तोही बाईच्या सोयीच्या वेळी. उत्तरं सिस्टरनंच तिकडे कॉम्प्युटरवर भरावीत. फॉर्म भरून घ्यायचे आणि वाचायला कुणी नेमायचं नाही, असं होणार असेल तर मात्र सुरूच करू नये. एकदा फोन आला नाही की दुसऱ्यांदा कोण खरं लिहील?

सध्या ती सिस्टर मी आहे. शनिवारी दुपारी, दादा तालमीकडे गेले आणि सून झोपली की जाऊबाई फोन करतात. पहिल्याच खेपेला मी हाताचं विचारलं, मग त्यांना डॉक्टरांकडे पिटाळलं. आता फिजिओथेरपिस्टनं दिलेली घट्ट बाही घालतात, व्यायाम करतात. सूज थोडी उतरलीय. बाही उन्हाळ्यात फार उकडते, ही तक्रार ‘खूप’मध्ये टाकायची का, असं परवा विचारत होत्या. टाका म्हटलं.